परतीचं टपाल : दूरशिक्षण आणि तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी

दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी टपाल, मग रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, इंटरनेट. क्रम बरोबर आहे, पण त्यात निम्मी गोष्ट हरवते. मजकूर विद्यार्थ्यापर्यंत पोचवणं प्रत्येक नव्या साधनाने सोपं केलं. विद्यार्थ्याने लिहिलेलं शिक्षकाकडे जाऊन, तपासून त्याच्या हाती परत कसं पडणार, हा पेच मात्र दर वेळी नव्याने उभा राहिला.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवू लागले. विद्यार्थ्यांनी बायबलमधले उतारे लघुलिपीत उतरवून पाठवायचे, पिटमन यांनी चुका दुरुस्त करून ते परत धाडायचे. टपालाने धडे पाठवण्याच्या जाहिराती त्याआधीही निघत असत; तपासून परत येणारा कागद ही पिटमन यांची खरी भर.

लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये वेगळी वाट धरली. परीक्षा आमची, अभ्यास तुम्ही जमेल तिथे, जमेल तसा करा, असा हा बहिःस्थ पदवीचा मार्ग होता. शिकवण्याची जागा मोकळी राहिली आणि ती खासगी पत्राचार संस्थांनी भरून काढली. या व्यवस्थेला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून लंडनच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला तो याच मार्गाने. ती पदवी त्यांना अखेर १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिका विद्यापीठाकडून मिळाली. तेही १९४६ पासून पत्राचाराने शिकवणारंच विद्यापीठ.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीने आवाज आणि चित्र घरात आणलं, पण ऐकणाऱ्याला उलट काही विचारता येत नव्हतं. म्हणून ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेली कल्पना ‘हवेतल्या विद्यापीठा’ची, म्हणजे रेडिओ-दूरचित्रवाणीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची होती. त्यांच्या सरकारातल्या मंत्री जेनी ली यांनी ती नेटाने पुढे रेटली, १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झालं. प्रवेशासाठी आधीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती. गाजले ते बीबीसीवरचे, आडवेळी लागणारे कार्यक्रम. भार मात्र छापील पुस्तिकांवर आणि स्वाध्याय तपासून समासात शेरे लिहिणाऱ्या अर्धवेळ शिक्षकांवर होता. माझ्या मते त्या विद्यापीठाचा सगळ्यात महत्त्वाचा शोध हा समासच.

याच काळात या व्यवहाराचं शास्त्रही आकाराला येत होतं. ओटो पीटर्स या जर्मन अभ्यासकांनी दूरशिक्षणाला शिक्षणाचं औद्योगिक रूप म्हटलं: लिहिणारा एक, छापणारा दुसरा, तपासणारा तिसरा. मायकेल मूर यांनी अंतर मैलांत मोजायचं सोडून दिलं. संवाद किती होतो, रचना किती ताठर आहे आणि विद्यार्थी किती स्वायत्त आहे, यावर ते ठरतं, असं त्यांचं म्हणणं. या हिशेबाने तीनशे जणांच्या व्याख्यानगृहात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगाही दूरशिक्षणच घेत असतो.

संगणकाने पहिल्यांदा उत्तराची वाट पाहणं संपवलं. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही प्रणाली सुरू केली. विद्यार्थ्याने कळ दाबली की बरोबर की चूक ते लगेच कळे. तिच्यासाठी १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा तयार झाला आणि १९७३ च्या सुमारास तिच्यावर संदेशफलक आणि गप्पांची सोयही आली. पण यंत्राला जमत होतं ते आधी ठरवून ठेवलेल्या उत्तरांशी ताडून पाहणं. निबंध तपासणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं, आणि सगळा खटाटोप महागडाही होता.

१९८३ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी नव्या साधनांबद्दलच्या उत्साहाला चाप लावला. किराणा ज्या ट्रकने येतो त्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, हा त्यांचा दावा. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. मला तो दावा थोडा टोकाचा वाटतो, कारण काही माध्यमांत परतीचा रस्ता असतो आणि काहींत नसतो.

वेब आल्यावर विद्यापीठांनी आधी कारभार तिकडे हलवला: नोट्स, गुण, स्वाध्याय जमा करण्याची खिडकी. हे काम करणाऱ्या प्रणालींपैकी ब्लॅकबोर्ड १९९७ चं, मुक्तस्रोत मूडल २००२ चं. मूडल लिहिणारे मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवरून शाळा शिकत वाढले. त्यांच्या प्रणालीत चर्चामंचांना मोठी जागा मिळाली, याचं नवल वाटायला नको. एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य सगळ्यांना खुलं करण्याची घोषणा केली, तीही एक गोष्ट स्पष्ट करून: यातून पदवी मिळणार नाही आणि प्राध्यापकही भेटणार नाहीत.

२००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठाचा एक वर्ग जगाला खुला केला. तिथले पंचवीसेक विद्यार्थी शुल्क भरलेले. फुकट येणारे दोन हजारांहून जास्त. त्या वर्गात सहभागी एकमेकांनाच उत्तरं देत होते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, पण तो ध्वनिचित्रफिती आणि यंत्राने तपासलेल्या प्रश्नांवर चालला. पूर्ण करणारे वीस हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी असे ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडएक्स या संस्था उभ्या राहिल्या आणि विद्यापीठं बंद पडणार अशी भाकितं सुरू झाली. २०१३ मध्ये सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर केलेल्या प्रयोगात उत्तीर्णांचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा खाली गेलं आणि तो थांबवावा लागला.

२०२० च्या महासाथीत जगभरच्या वर्गांनी रातोरात व्हिडिओ कॉल गाठला. अभ्यासकांनी त्याला ‘आणीबाणीचं दूरस्थ अध्यापन’ असं वेगळं नाव दिलं, कारण समोरासमोरचं व्याख्यान जसंच्या तसं पडद्यावर आलं होतं. त्यात ना पुस्तिका होती, ना समास.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून पेच उलटा झाला आहे. यंत्र आता निबंधावर सविस्तर शेरा लिहितं, तेही क्षणात. पण तो निबंध विद्यार्थ्याने लिहिला की दुसऱ्या यंत्राने, हे खात्रीने सांगणारं साधन नाही. म्हणून अनेक शिक्षक तोंडी परीक्षेकडे आणि समोर बसवून हाताने लिहून घेण्याकडे वळत आहेत. दूरच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ परीक्षेपुरता पुन्हा प्रवास, नाहीतर कॅमेऱ्याची पाळत.