जठरांत्ररोग पोस्टिंग, इंदूर

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पचनमार्ग, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांच्या विकारांचे निदान रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकण्याचा ठरावीक मुदतीचा टप्पा. ‘जठरांत्र’ या शब्दात यकृत बसत नाही. तरीही पोटात पाणी झालेले आणि कावीळ उतरत नसलेले यकृताचे रुग्ण या वॉर्डात नेहमीच असतात. एम.बी.बी.एस.ला या विषयाची वेगळी सक्तीची पोस्टिंग नाही. तो जनरल मेडिसिनमध्येच शिकवला जातो. त्यात विशेषज्ञ व्हायचे तर एम.डी.नंतर तीन वर्षांचा डी.एम. हा अतिविशेष अभ्यासक्रम आहे.

इंदुरातील वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ १८७८ मध्ये मानतात. त्या साली ‘किंग एडवर्ड मेडिकल स्कूल’ स्थापन झाले, असे सरसकट लिहिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सातवा एडवर्ड गादीवर आला जानेवारी १९०१ मध्ये. १८७८ साली तो युवराज होता. म्हणून साल मूळ शाळेचे आणि नाव मागाहूनचे, असे धरणे अधिक सयुक्तिक. आजचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला होळकर घराण्यातील महाराजा यशवंतराव यांचे नाव आहे. गावात त्याला ‘एम.वाय.’ म्हणतात.

पोट तपासण्याच्या क्रमाबद्दल दोन मते आहेत. जुन्या ब्रिटिश वळणाच्या शिकवणीत पाहणे, हात लावणे, ठोकणे आणि शेवटी ऐकणे असा क्रम. अमेरिकी वळणाच्या शिकवणीत पाहिल्यावर लगेच ऐकणे. पोट दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात, हे दुसऱ्या मताचे कारण. त्याला भक्कम पुरावा नाही. पण ऐकणे आधी ठेवल्याने बिघडत काही नाही, आणि दुखऱ्या पोटावर पहिला स्पर्श दाबण्याचा होत नाही, हा लाभ कमी नव्हे. क्रम कोणताही असो, हात ऊबदार हवा आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. दुखल्याचे पोटाआधी चेहरा सांगतो.

ठोकून पाहण्याची रीत ऑस्ट्रियन वैद्य ऑएनब्रुगर याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली, ती छातीसाठी. पोटातील पाण्यासाठी ती अशी वापरतात. रुग्णाला उताणे निजवून बेंबीपासून कुशीकडे ठोकत जायचे. पोकळ आवाज जिथे बद्द होतो तिथे बोट तसेच ठेवून रुग्णाला दुसऱ्या कुशीवर वळवायचे, अर्धा-एक मिनिट थांबायचे आणि त्याच जागी पुन्हा ठोकायचे. आता आवाज पोकळ आला तर पाणी सरकले. नवखा विद्यार्थी चुकतो तो दोन ठिकाणी: बोट उचलतो, नाहीतर थांबत नाही. या खुणेला साधारण एक ते दीड लिटर पाणी लागते. सोनोग्राफीत शंभर मिलीलिटरही दिसते. तरी ही खूण शिकवतात आणि शिकवावीच, कारण खेड्यातल्या दवाखान्यात रात्री सोनोग्राफी नसते. प्लीहा (पानथरी, डाव्या फासळ्यांखालचा अवयव) चाचपायला सुरुवात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून करतात. ती वाढते त्याच दिशेला, आणि थेट डाव्या फासळ्यांखाली हात घालणाऱ्याच्या हातून फार मोठी प्लीहा निसटते.

एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहण्याच्या, खोलीत विद्यार्थी पडद्यावर पाहतो, नळी धरत नाही. रुग्ण सहा-आठ तास उपाशी, डाव्या कुशीवर, घशात बधिर करणारा फवारा मारलेला.

रुग्णाची हकिगत घेणे ही या पोस्टिंगची खरी कसोटी. इंदुरात ती हिंदीत, मालवीत आणि घरोघरच्या मराठीत घ्यावी लागते. मराठी रुग्ण ‘पोट दुखतं’ एवढ्यावर थांबत नाही. ‘मुरडा येतो’ म्हणजे पोटात पिळ पडून संडासची घाई, आणि जाऊन आल्यावरही मोकळे न वाटणे. संशय मोठ्या आतड्यावर. ‘कळ येते’ म्हणजे दुखणे येऊन-जाऊन, आतड्याची वाट अडल्यासारखे. पित्ताशयाच्या दुखण्यालाही कळच म्हणतात, पण ते बहुधा सलग असते, लाटा नसतात. ‘जळजळ’ छातीच्या मध्यावर हात ठेवून सांगितली तर आम्ल वर येते आहे का, ते विचारावे. हे सगळे शब्द केस लिहिताना ‘पोटदुखी’ या एका शब्दात कोंबले तर निदानाचा निम्मा धागा तिथेच तुटतो.

वयस्कर बाईला ‘आजी, संडास कशी होते?’ विचारले तर उत्तर येते, ‘होते रोज.’ मग रंगच विचारावा लागतो: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची आहे का? तशी असेल तर रक्तस्राव पचनमार्गाच्या वरच्या भागातला असण्याचा संभव अधिक. पण त्याआधी उशाशी ठेवलेली औषधांची पिशवी उघडून पाहावी. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते.