जुन्या गिरणीत पुन्हा चरखा: हातकाम-वर्गांची पार्श्वभूमी

ब्रिटन आणि अमेरिकेतील जतन केलेल्या कापडगिरण्यांत गेल्या काही दशकांत हातकामाचे वर्ग रुळले आहेत. लोक येतात, लोकर विंचरतात, टकळीवर किंवा चरख्यावर सूत काढतात, छोट्या मागावर पट्टा विणतात, मंजिष्ठेच्या मुळांत कापड रंगवतात. ज्या इमारतींनी हाताचे काम हिरावून घेतले तिथेच हातकामाची शिकवणी, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. पण इतिहास जरा बारकाईने पाहिला की ही विसंगती बरीच विरते. गिरणी आणि हातकाम यांच्यात वैर होते तसाच घनिष्ठ देणेघेण्याचा व्यवहारही होता. हे वर्ग त्या व्यवहारातूनच उगवले आहेत.

सुरुवात भारतीय कापडापासून करावी लागते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने नेलेल्या छिटांनी आणि सुती कापडाने इंग्लंडमध्ये इतकी मागणी निर्माण केली, की तिथल्या लोकर आणि रेशीम व्यवसायाने संसदेला साकडे घातले. 1700 मध्ये छापील भारतीय कापडाच्या आयातीवर आणि 1721 मध्ये बहुतेक छापील सुती कापडाच्या वापरावरच बंदी आली. वायव्य इंग्लंडमधील लँकेशरच्या विणकरांना मात्र एक वाट मोकळी राहिली. ते ताण्याला म्हणजे उभ्या धाग्यांना जवसाचा म्हणजे लिननचा धागा आणि बाण्याला म्हणजे आडव्या धाग्यांना सुती धागा घालत, आणि असे मिश्र कापड बंदीतून सुटे. तिथले हातकताईचे सूत ताण्याचा ओढा सोसण्याइतके मजबूत होत नसे. घरात मुले कापूस पिंजत, बायका कातत, पुरुष विणत. 1733 मध्ये जॉन केने बाण्याचा धागा नेणारा, दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला, विणकराचा वेग वाढला आणि सूत पुरेनासे झाले.

ही टंचाई दूर करण्यासाठी जी यंत्रे निघाली, ती सगळी कातणाऱ्याच्या हाताकडे पाहून घडवलेली आहेत. हात दोन कामे एकाच वेळी करतो: बोटांनी पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी ताणून तंतू विरळ करायचे आणि चातीने म्हणजे फिरत्या काडीने त्यांना पीळ द्यायचा. हारग्रीव्ह्जच्या जेनी नावाच्या यंत्राने एका चाकावर अनेक चात्या फिरवल्या. आर्कराइटने 1769 च्या पेटंटात बोटांच्या जागी रुळांच्या जोड्या बसवल्या. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जलद फिरते, त्यामुळे पेळू ताणला जातो. क्रॉम्प्टनच्या 1779 च्या म्यूल नावाच्या कताई यंत्रात चात्यांचा अख्खा गाडा सुमारे पाच फूट बाहेर सरकतो, पीळ देतो आणि सूत गुंडाळत परत येतो. मोठ्या उभ्या चरख्यावर कातणारी बाई पेळू हातात धरून मागे मागे जात असे आणि सूत गुंडाळताना पुढे येत असे, तीच ही चाल. गिरणीत चरखा शिकवण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत सबळ कारण हेच आहे. तास-दोन तास सूत तुटत, जोडत बसलेला माणूस शेजारच्या दालनातील यंत्रासमोर उभा राहिला, तर त्याला फलक वाचावा लागत नाही. रूळ कशासाठी आहेत ते त्याच्या बोटांना कळलेले असते.

आर्कराइटची पाण्यावर चालणारी पहिली गिरणी 1771 मध्ये डर्बीशरमधील क्रॉमफर्ड येथे उभी राहिली. तिथले सूत ताण्याला चालेल इतके पक्के निघे. 1774 मध्ये संसदेने पूर्ण सुती ब्रिटिश कापडाला मोकळीक दिली. पण हे सूत विणणार कोण? यांत्रिक मागाचे कार्टराइटचे पहिले पेटंट 1785 चे असले, तरी तो माग कामाचा व्हायला आणखी काही दशके लागली. तोवर गिरण्यांचे सूत घरोघरी हातमागावर जात होते. विणकरांची मजुरी वाढली, मागांची संख्या वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ब्रिटनमधील सुती हातमाग विणकर दोन लाखांच्या वर गेले. मग यंत्रमाग सुधारला आणि मजुरी अशी कोसळली, की एकाच पिढीने भरभराट आणि उपासमार दोन्ही पाहिली. शतकाच्या मध्यापर्यंत हा वर्ग जवळपास संपला. म्हणजे गिरणीने हातमाग आधी फुगवला आणि नंतर मोडला. आजच्या अनेक माहितीफलकांवर यातला फक्त शेवटचा अर्धा भाग असतो.

रंगकामाचा बदल आणखी झपाट्याने झाला. मंजिष्ठेचा लाल तुरटीने बांधायचा, निळीचे पिंप आंबवून हिरवट-पिवळे झाल्यावर त्यात कापड बुडवायचे आणि बाहेर हवेत ते निळे होताना पाहायचे, ही विद्या हजारो वर्षांची. 1856 मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ पर्किनला प्रयोगशाळेत कृत्रिम जांभळा रंग सापडला. मंजिष्ठेतले रंगद्रव्य 1868 मध्ये कृत्रिमरीत्या बनले आणि लवकरच बाजारात आले. 1897 पासून जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ विकायला काढली. रंगाऱ्यांची जुनी विद्या बाजारात मागे पडली.

याच काळात उलटी हालचाल सुरू झाली. इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने 1870 च्या दशकात इंग्लंडमधील लीक गावातील रंगारी टॉमस वॉर्डलकडे जाऊन वनस्पतिज रंग शिकून घेतले. वॉर्डल स्वतः भारतातील टसर रेशीम आणि रंगद्रव्यांचा अभ्यासक होता. 1881 मध्ये मॉरिसने लंडनजवळ वँडल नदीकाठचा मर्टन अॅबी येथील जुना छपाई कारखाना घेतला आणि तिथे निळीची पिंपे, ठशांची छपाई आणि हातमाग सुरू केले. जुन्या कारखान्याच्या आवारात हेतुपुरस्सर हातकाम आणण्याचे हे एक ठळक आणि लवकरचे उदाहरण.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते लँगडेल खोऱ्यातले काम. हातकामाचा कैवार घेणाऱ्या जॉन रस्किन या लेखकाच्या विचारांनी भारलेला वकील अल्बर्ट फ्लेमिंग आणि मॅरियन ट्वेल्व्ज यांनी 1883 मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागात लिननची हातकताई पुन्हा सुरू करायचे ठरवले. अडचण ही, की ज्या भागात दोन पिढ्यांपूर्वी घरोघर चाके फिरत होती, तिथे चालू चाक मिळेना. जुने चाक शोधून सुताराकडून त्याच्या नकला करून घेतल्या. माग मिळाला तो सुटे भाग होऊन, आणि ते कसे जोडायचे हे सांगणारे कोणी नव्हते. फ्लेमिंगने लिहून ठेवले आहे, की फ्लॉरेन्समधील जोत्तोच्या मनोऱ्यावर कोरलेल्या मागाच्या छायाचित्राची मदत घेऊन त्यांनी तो उभा केला. ज्या देशाने जगाला कापड विकले, त्याच देशात एक साधा माग जोडण्यासाठी चौदाव्या शतकातील इटालियन शिल्प पाहावे लागले. कौशल्य किती लवकर पुसले जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. लँगडेलच्या बायका आधी एका छोट्या घरात कताई शिकत आणि मग चाक आपल्या घरी नेत. त्या लिननवर केलेली जाळीची लेस आजही रस्किन लेस म्हणून शिकवली जाते.

पुढे हे काम एथेल मेरे यांच्यासारख्या विणकर-शिक्षिकांच्या हाती आले. वनस्पतिज रंगांवरचे त्यांचे 1916 चे पुस्तक अनेकांना रंगकामाकडे घेऊन गेले आणि ससेक्समधील डिचलिंग येथे त्यांच्या कार्यशाळेत शिकाऊ विणकर राहू लागले. पण ही परंपरा मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाची होती. गिरणकामगार त्यात जवळजवळ नव्हते.

ते आले दुसऱ्या वाटेने, गिरण्या बंद पडल्यावर. 1959 च्या कॉटन इंडस्ट्री अॅक्टने ब्रिटिश मालकांना जादा यंत्रे भंगारात काढण्यासाठी सरकारी पैसे दिले. माग जागेवरच हातोड्याने फोडले गेले. पुढच्या दोन दशकांत लँकेशरमधील गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. त्याच काळात जतनाची धडपडही वाढली. चेशरमधील क्वारी बँक गिरणी 1939 मध्येच तिच्या मालक ग्रेग घराण्याने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली होती. तिथले उत्पादन 1959 मध्ये थांबले आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस संग्रहालय उघडले. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरण्या 1968 मध्ये बंद पडल्या. क्रॉमफर्डच्या आवारात रंगद्रव्यांचा कारखाना चालला होता आणि जमीन-भिंतींत शिसे मुरले होते. 1979 मध्ये आर्कराइट सोसायटीने ते आवार विकत घेतले, आणि सफाईलाच वर्षानुवर्षे गेली. अमेरिकेत रोड आयलंडमधील 1793 ची स्लेटर गिरणी 1955 मध्ये संग्रहालय झाली, तर मॅसॅच्युसेट्समधील लोवेल शहराच्या गिरण्या 1978 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आल्या. 2001 मध्ये युनेस्कोने क्रॉमफर्डसह डरवेंट खोरे आणि न्यू लॅनार्क यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सुरुवातीला ही यंत्रे चालवून दाखवत ते निवृत्त कामगार. माग बिघडला हे ते आवाजावरून ओळखत. खात्यातील गोंगाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून ओठ मोठे हलवून बोलण्याची त्यांची 'मी-मॉ' नावाची रीत होती. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची सवय त्यांना ठाऊक होती. ब्रिटनमध्ये ती 1952 मध्ये बंद केली गेली. ही माणसे म्हातारी झाली आणि जागा रिकाम्या राहू लागल्या. शिवाय चालत्या यंत्राला पाहुण्याने हात लावणे धोक्याचे. पाहुणा कठड्याबाहेर, कानठळ्या बसवणारा आवाज आत. हाताला काहीतरी द्यायचे तर ते साध्या अवजारांनीच शक्य होते. बहुतेक गिरण्यांत वर्गांची सोय अशी गरजेपोटी झाली.

लोवेलच्या बूट कॉटन मिल्सने यात चांगला विचार केला आहे. तळमजल्यावर 88 यंत्रमागांचे खाते चालू स्थितीत आहे, आणि त्याच गिरणीतील शिक्षण केंद्रात शाळकरी मुले आधी हाताने विणतात, मग कारखान्यासारख्या रांगेत उभी राहून एकच काम पुन्हा पुन्हा करतात. दोन्हींतला फरक त्यांना खांद्यांतून कळतो. उत्तर इंग्लंडमध्ये चिंध्यांच्या चटईचे वर्ग लोकप्रिय आहेत. जुने कपडे आणि गिरणीतले तुकडे कापून तागाच्या पोत्यावर खोचायचे हे काम गिरणगावांतील घरांचेच आहे. तो ताग बंगालचा. यंत्रपूर्व काळाची आठवण म्हणून नव्हे, तर गिरणीच्याच पोटी जन्मलेली कला म्हणून ही चटई मला या वर्गांतली सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. सुंदर निळा रुमाल घेऊन घरी जाणाऱ्याला ती गिरणी कोणी चालवली, हेही कळायला हवे. क्वारी बँकमध्ये अनाथ, गरीब मुले करारावर कामाला ठेवली होती आणि त्यांच्यासाठी 1790 मध्ये वेगळे घर बांधले होते. ग्रेग घराण्याचे डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते. ब्रिटिश गिरण्यांत येणारा कापूस दीर्घकाळ अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला होता. क्वारी बँकेने मुलांचे घर पाहण्यासाठी खुले ठेवले आहे, हे योग्यच. रंगकामाच्या टेबलाशीही हे बोलले जावे.

आता प्रश्न आहे तो यंत्रावरच्या कौशल्याचा. युनेस्कोने 2003 मध्ये अमूर्त वारशाचा, म्हणजे कौशल्ये आणि परंपरा जपण्याचा, करार केला, ब्रिटनने तो 2024 मध्ये स्वीकारला. दरम्यान 2017 पासून तिथल्या हेरिटेज क्राफ्ट्स संस्थेने धोक्यातील हस्तकलांची लाल यादी काढायला सुरुवात केली होती. पण टकळी आणि चटई शिकवायला माणसे मिळतात. म्यूलवर तुटलेले सूत चालता चालता जोडणारा किंवा लँकेशरचा जुना यंत्रमाग नीट लावून देणारा मिळत नाही. 2016 मध्ये लँकेशर कौन्सिलने खर्च परवडत नाही म्हणून हेल्मशोर आणि क्वीन स्ट्रीट या दोन गिरण्यांची संग्रहालये बंद केली, नंतर ती मर्यादित दिवसांसाठी उघडली. क्वीन स्ट्रीट ही वाफेवर चालणारी शेवटची उरलेली विणकाम गिरणी, आणि तिथले माग महिनोन्महिने थांबून होते. न्यू लॅनार्कमध्ये एकोणिसाव्या शतकातला म्यूल आजही लोकरीचे सूत काढतो आणि ते सूत विकले जाते. तिथे यंत्र रोजच्या कामात असल्याने ते चालवणारा नवा माणूस तयार करावाच लागतो. इतर गिरण्यांनी हातकामाच्या वर्गांतून आलेल्या पैशाचा काही भाग अशा शिकाऊंवर खर्च करावा असे मला वाटते.