जास्त सॅमन परतले म्हणजे नदी सुधारली का?

‘नदीची दुरुस्ती झाली आणि पुढच्याच हंगामात सॅमन मासे जास्त आले, म्हणजे नदी पूर्ववत झाली,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो जातीचा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि साधारणपणे तिसऱ्या वर्षी अंडी घालायला नदीत परततो. त्यातील निम्मा काळ तो समुद्रात असतो. म्हणजे आज दिसणारा मासा दुरुस्तीपूर्वीच्या नदीत जन्मलेला असू शकतो, आणि त्याचे जगणे समुद्राचे तापमान, तेथील अन्न व मासेमारी यांवरही अवलंबून असते. शिवाय परतणाऱ्यांत मत्स्यबीज केंद्रातून सोडलेले मासे मिसळतात. त्यांपैकी अनेकांचा शेपटीजवळचा लहानसा मांसल पर आधीच कापलेला असल्यामुळे ते ओळखता येतात.

म्हणून वसंतात समुद्राकडे निघालेली पिल्ले सापळ्यात मोजावीत, अंडी घालणाऱ्या प्रत्येक मादीमागे किती पिल्ले निघाली हे काढावे, आणि ते प्रमाण कामापूर्वीच्या काही वर्षांशी तसेच हात न लावलेल्या शेजारच्या ओढ्याशी ताडून पाहावे. परतणारे मासे दोन्हीकडे सारखेच वाढले असतील, तर श्रेय बहुधा समुद्राचे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ दरम्यान हटवल्यानंतरही तेथील मोजणी वर्षानुवर्षे चालू राहिली, ती यासाठीच.