जखम सुकली म्हणजे भरली असं नाही

गुडघा फुटला की घरोघरी एकच सल्ला, उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरली की बरं होते. त्यात नागपूरचा मे महिना, 45 डिग्री अन् कोरडी झळ, दोन दिवसांत खपली एवढी कडक होते की पाय वाकवला की तडकते अन् परत रक्त. जखम सुकणं वेगळं अन् भरणं वेगळं, हे आपल्याकडे अजून कोणी नीट सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटते.

1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाचा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या (डुकराची कातडी बऱ्यापैकी आपल्यासारखी असते), काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनची पातळ फिल्म लावली. झाकलेल्या जखमांवर नवीन कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. 1963 मध्ये माणसांवरही तसंच दिसलं.

काऊन? कातडीच्या पेशी जखमेच्या कडेने अन् केसांच्या मुळांतून सरकत सरकत मधे येतात, अन् त्यांना सरकायला ओल लागते. उघड्या जखमेत वरचा जिवंत थरही वाळून मरतो, मग पेशींना खपलीच्या खाली शिरून, वाट पोखरत जावं लागते. ओल असली की थेट वरून जातात. शिवाय जखमेतून पाझरणाऱ्या लसेत पेशी वाढवणारी प्रथिनं असतात, ती आपण कापसाने पुसून टाकतो. कोरडा गॉज चिकटला की ओढून काढतात तेव्हा तर काल आलेली कातडीच उपटून निघते, म्हणून आधी सलाईनने भिजवायला सांगा, लाजू नका.

साधं खरचटलं असेल तर नळाच्या पाण्याने चांगलं धुवा, पातळ पेट्रोलियम जेली, वरून न चिकटणारी पट्टी, बस. हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. रस्त्यावर पडला असाल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. हायड्रोकोलॉइडची (लस शोषून जेल होणारी, ओल धरून ठेवणारी) पट्टी लावली तर खाली पिवळसर, वास येणारा जेल जमतो, तो बहुतेकदा पू नसतो, पट्टीनेच लस शोषून केलेला असतो. पण आजूबाजूला लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला तर ते इन्फेक्शन, मग अशी बंद पट्टी नको, डॉक्टर पाहिजे.

ओलही जास्त झाली की नडते, कडेची कातडी पांढरी पडून फुगते. लस फार येत असेल तर फोमची पट्टी किंवा समुद्री शेवाळापासून बनवलेली अल्जिनेटची पट्टी वापरतात, ती लस शोषून घेते.

अन् शुगरवाल्यांच्या पायाला यातलं काहीच घरी करू नका. त्यांना जखम दुखतच नाही कधी कधी, पट्टीखाली ती आत आत जाते. बोट काळं अन् कोरडं पडलं असेल तर रक्तपुरवठा तपासल्याशिवाय त्याला ओलं करायचंच नाही, त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, नागपुरात मेडिकल नाहीतर मेयोच्या, ओपीडीत न्या.