पायलट प्रोजेक्ट आणि गुंतवणूक: विमान कंपनीशी 'भागीदारी' नेमकी कोणती?

विमान कंपनी आणि स्टार्टअपची बातमी आली की शब्द एकच असतो, 'भागीदारी'. प्रत्यक्षात ती एक तर पायलट प्रोजेक्ट, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणी असते (इथे वैमानिकाचा संबंध नाही), नाहीतर भागभांडवलातली गुंतवणूक. पायलटचे पैसे इंजिनीअरिंग किंवा ऑपरेशन्सच्या बजेटमधून येतात, गुंतवणुकीचे वेगळ्या फंडातून. सह्या करणारी माणसं वेगळी, आणि फंडाने शेअर घेतले म्हणून ऑपरेशन्सवाले माल घेतीलच असं नाही.

पायलटमध्ये कंपनी एका प्रश्नाचं उत्तर विकत घेते. समजा, बोरोस्कोपच्या (इंजिनच्या आत घालून पाहायच्या बारीक कॅमेऱ्याच्या) फोटोंवरून इंजिनच्या ब्लेडवरची चीर ओळखणारं सॉफ्टवेअर आहे. मग इंजिनचं मॉडेल कोणतं, तळ कोणता, तपासण्या किती आणि किती चिरा नजरेतून सुटल्या तर नापास, हे करारात आकड्यांसकट हवं. सॉफ्टवेअर नेहमीच्या तपासणीच्या जोडीने चालवायचं. सही परवानाधारक इंजिनीअरचीच. उत्पादकाच्या मॅन्युअलमधली पद्धत कंपनीला परस्पर बदलता येत नाही.

पायलट रखडतो तो बहुतेक वेळा तंत्रज्ञानामुळे नाही. आयटीची सुरक्षा तपासणी लांबते, फोटो उशिरा मिळतात आणि बारा आठवड्यांतले सात-आठ वाट पाहण्यातच जातात. म्हणून मुदत सहीपासून नव्हे, पहिला डेटा हाती आल्यापासून मोजावी. पास झाल्यावर खरेदी कोणत्या दराने आणि कुणाच्या बजेटमधून, हेही आधीच लिहून घ्यावं. नाहीतर यशस्वी पायलटचं बक्षीस म्हणून आणखी एक पायलट मिळतो.

गुंतवणुकीत विमान कंपनी गिऱ्हाईक असण्याची अटच नसते. इंडिगो या विमान कंपनीच्या इंडिगो व्हेंचर्स फंडाने 2025 मध्ये पहिली गुंतवणूक केली ती जेह एअरोस्पेसमध्ये. ही कंपनी इंजिनांचे आणि विमानांचे सुटे भाग बनवते. असे भाग मुख्यतः विमानं आणि इंजिनं बनवणारे घेतात, विमान कंपन्या नव्हे. शेअर देताना सगळ्यात जपून वाचायचं कलम म्हणजे विक्रीच्या वेळी पहिला हक्क, म्हणजे स्टार्टअप विकायची झाली तर आधी गुंतवणूकदाराला विचारायचं. तो एका विमान कंपनीला दिला की तिच्या स्पर्धक कंपन्या तुमच्याकडे पाठ फिरवू शकतात.

दुसरा धोका माहितीचा. बोइंगच्या होरायझनएक्स फंडाने 2017 मध्ये झुनम एअरो या हायब्रिड-इलेक्ट्रिक विमान बनवू पाहणाऱ्या स्टार्टअपमध्ये पैसे घातले. गुंतवणुकीच्या निमित्ताने मिळालेली व्यापारी गुपितं बोइंगने वापरली, असा दावा करत झुनमने 2020 मध्ये खटला भरला. 2024 मध्ये ज्युरीने 7.2 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि 2025 मध्ये अपील न्यायालयाने ज्युरीचाच निकाल पुन्हा लागू केला. तेव्हा फंडाला हिशेब आणि चाचण्यांचे निकाल दाखवा. ड्रॉइंग आणि सोर्स कोड मागितले तर ते कोण पाहणार त्यांची नावं करारात घाला, आणि त्यांत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागातलं कुणी नको.