मानवी वाणीचे संगणकीय प्रतिमान

फुप्फुसातील हवा, स्वरतंतूंचे कंपन आणि जीभ, ओठ, जबडा, मृदू तालू यांच्या हालचाली यांतून बोलणे कसे घडते, याची गणिती मांडणी करून तेच बोलणे संगणकावर घडवण्याची पद्धत. ध्वनिमुद्रणांवरून आवाजाची नक्कल शिकणाऱ्या प्रणाली आज अधिक स्वाभाविक बोलतात, हे खरे; पण आवाज कशामुळे झाला, हे त्या सांगत नाहीत. हे प्रतिमान तेच सांगते.

कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी १७९१ मध्ये वर्णिलेल्या बोलत्या यंत्रात फुप्फुसांच्या जागी भाता होता आणि स्वरतंतूंच्या जागी कंप पावणारी पट्टी. गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये ही विभागणी शास्त्रीय पायावर मांडली : स्वरतंतू ध्वनी पुरवतात, त्यांच्या वरचा घसा-तोंडाचा मार्ग, म्हणजे स्वरमार्ग, तो गाळतो. केली आणि लॉखबॉम यांनी १९६२ मध्ये हा मार्ग एकापुढे एक जोडलेल्या लहान नळ्यांत मांडून संगणकावर आणला.

प्रौढ पुरुषाचा स्वरमार्ग सुमारे १७ सेंमी. लांब असतो. एका टोकाला बंद व सर्वत्र सारख्या जाडीची अशी नळी धरली, तर तिचे अनुनाद, म्हणजे ज्या कंप्रतांना आवाज विशेष ठळक होतो त्या, ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास येतात. जीभ हलली की नळी कुठे अरुंद, कुठे रुंद होते आणि अनुनाद सरकतात. ‘आ’ म्हणताना घसा आवळतो व तोंड मोकळे होते. ‘ई’ला याच्या नेमके उलट.

स्वरतंतूंचे गणित अधिक सुंदर आहे. इशिझाका आणि फ्लॅनगन यांच्या १९७२ च्या प्रतिमानात प्रत्येक स्वरतंतू म्हणजे स्प्रिंगने जोडलेली दोन वस्तुमाने. खालचा भाग आधी उघडतो, वरचा किंचित मागून. या मागेपुढे होण्यामुळे उघडताना तंतूंमधला दाब जास्त, तर मिटताना कमी राहतो. हवेकडून दर फेरीत ऊर्जा मिळत राहते आणि कंपन टिकते.

व्यंजने कठीण. ‘स’साठी अरुंद फटीतून जाणाऱ्या हवेची खळबळ धरावी लागते, ‘म’ला नाकाची वेगळी शाखा लागते, ‘ल’ला जिभेच्या बाजूंनी हवा वाट काढते. मार्गाचे आकार एमआरआय चित्रांतून मिळतात; मात्र ती बहुधा पाठीवर निजवून घेतात, आणि त्या स्थितीत गुरुत्वाकर्षणाने जीभ थोडी मागे सरकते.

सर्वांत अवघड प्रश्न उलट दिशेचा आहे : ऐकलेल्या आवाजावरून तोंडाचा आकार शोधणे. उत्तर एकच निघत नाही, कारण वेगवेगळे आकार जवळजवळ सारखाच आवाज देऊ शकतात. जबडा हलू नये म्हणून दातांत ठोकळा धरायला लावला, तरी माणूस जीभ वेगळी वळवून जवळपास तोच स्वर लगेच काढतो.