ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती

गावाची पिण्याच्या पाण्याची योजना आखणारी, ती चालवणारी, पाणीपट्टी ठरवणारी आणि गावच्या स्वच्छतेकडे पाहणारी समिती. ती ग्रामसभेतून निवडली जाते आणि ग्रामपंचायतीची उपसमिती म्हणून काम करते. बोलीत तिला नुसतं ‘पाणी समिती’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ही समिती कागदावर आहे. ती खरोखर चालते की नाही, हे उन्हाळ्यात गावाच्या शेवटच्या घराच्या नळावर कळतं.

पार्श्वभूमी

पूर्वी गावचं पाणी म्हणजे आड, विहीर, झरा किंवा नदीतला झिरा. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सरकारने विंधन विहिरी खोदून त्यांवर हातपंप बसवायला सुरुवात केली आणि ‘हापसा’ गावोगावी पोचला. पुढे नळपाणीपुरवठा योजना आल्या. त्या सरकारने बांधल्या आणि गावानेही त्या सरकारच्याच मानल्या. मोटार जळली की तालुक्याला अर्ज जाई आणि दुरुस्ती होईपर्यंत बायका पुन्हा जुन्या विहिरीवर जात.

ही रीत बदलायला दोन गोष्टी कारण ठरल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर १९९९ पासून केंद्राने ‘मागणी असेल तिथे योजना, आणि खर्चात गावाचा वाटा’ हे धोरण घेतलं. २००२ ची स्वजलधारा योजना त्याच धोरणातली. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून राबवलेला जलस्वराज्य प्रकल्प याचा सर्वांत मोठा प्रयोग होता. त्यात पैसे गावाच्या खात्यावर आले, खरेदी गावाने केली आणि हिशेब तपासायला गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती नेमली गेली. चुका झाल्या, काही योजना अर्धवटही राहिल्या. पण पाइपाचे दर मागवणं, पावत्या लावणं, ग्रामसभेत हिशेब वाचून दाखवणं हे सामान्य गावकऱ्यांना जमतं, हे तिथे दिसलं.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवलं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत १० ते १५ सदस्य असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या लोकसंख्येनुसार जागा असावी. गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. डोंगरी व वनक्षेत्रातल्या, तसंच अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांसाठी ती ५ टक्के आहे आणि श्रमदानातूनही देता येते.

योजना चालते कशी

योजना बांधणं हे एकदाचं काम. चालवणं रोजचं, आणि समितीचा खरा कस तिथेच लागतो.

पहिला प्रश्न उद्भवाचा, म्हणजे पाणी येतं त्या विहिरीचा. गावाने लाखो रुपयांची टाकी बांधावी आणि शेजारच्या शेतात कोणी खोल बोअर मारून त्या विहिरीचंच पाणी ओढावं, असं अनेक ठिकाणी घडतं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असा कायदा राज्यात १९९३ पासून आहे. तो लागू करायचा तर कोणाला तरी शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करावी लागते, आणि हे धैर्य एकट्यादुकट्यात नसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर पिकं ठरवायची. इतर गावांनी या गावाकडून घेण्यासारखी गोष्ट हीच. बंधारे पैशाने बांधता येतात, ही शिस्त पैशाने येत नाही.

दुसरा प्रश्न वीजबिलाचा. पाणीपट्टी थकली की बिल थकतं, बिल थकलं की जोडणी तुटते आणि टाकी भरलेली राहत नाही. मग नळाला पाणी नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत. या चक्रातून बाहेर पडलेल्या गावांत एक गोष्ट सारखी आढळते. कोणाची किती बाकी आहे ते चावडीच्या फळ्यावर लिहिलेलं असतं आणि त्यात पुढाऱ्यांची नावंही असतात.

तिसरी गोष्ट पाणी शुद्ध करण्याची, आणि ती जलसुरक्षकाच्या हातात असते. हे मानधनावरचं काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण गॅस्ट्रो आणि काविळीची साथ यावर अडते. सकाळी टाकी भरली की तो हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) मोजतो. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून स्थिर होऊ देतो, चुना तळाशी बसला की वरची निवळ तेवढी टाकीत ओततो आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडतो. नंतर गावाच्या टोकाच्या घरी जाऊन परीक्षानळीत पाणी घेतो आणि त्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) या क्लोरीन ओळखणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकतो. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन शेवटपर्यंत पोचलं. रंग आला नाही, तर वाटेत कुठेतरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत येत असण्याची शंका घ्यायची. उद्भवांची आणि परिसराची पाहणी करून आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल कार्ड म्हणजे साथीची पूर्वसूचना. ते कपाटात ठेवून देण्याची चीज नव्हे.

स्वच्छतेची बाजू

समितीच्या नावात ‘स्वच्छता’ मागाहून जोडलेली नाही. विहिरीचं पाणी नासतं ते बहुधा जमिनीवरच्या घाणीने. महाराष्ट्रात या कामाला लोकचळवळीचं रूप आलं ते २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या, आणि संध्याकाळी कीर्तनातून त्याच गावाला प्रश्न विचारणाऱ्या गाडगेबाबांचं नाव गावाला परकं नव्हतं. त्यामुळे लोक सरकारी परिपत्रकासाठी उतरले नसते तितक्या मनाने उतरले. पुढे हागणदारीमुक्त गावांना मिळणाऱ्या निर्मल ग्राम पुरस्कारांत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला.

हागणदारीमुक्तीच्या काळात उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे निघणारी ‘गुडमॉर्निंग पथकं’ मात्र सगळीकडे माणुसकीने वागली नाहीत. ज्यांच्याकडे शौचालय बांधायला जागाच नव्हती, त्यांना लाजवून काही साधलं नाही.

बांधलेलं शौचालय कोणत्या प्रकारचं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. ग्रामीण भागाला योग्य ते दोन शोषखड्ड्यांचं. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. उघडल्यावर आत कोरडं, वास नसलेलं सोनखत मिळतं. तरीही अनेक घरं मोठी बंद टाकी बांधतात, कारण ‘खड्डा लवकर भरेल’ ही भीती. ती टाकी पुढे उपसणार कोण, हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबतो. माणसाच्या हातून मैला उपसून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत तो प्रश्नच निर्माण होत नाही, एवढं एक कारण तिच्यासाठी पुरेसं आहे.

सांडपाण्यासाठी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारं बंद झाली आणि डास हटले. हाच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला.

गाव म्हणजे कोण

‘गावाने ठरवलं’ असं म्हणताना गावात कोण कोण धरलं, हे विचारावं लागतं. पाणवठ्यावरच्या हक्कासाठी महाडला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, ती याच प्रदेशातली गोष्ट. आज पाणवठ्यावर अडवणूक झाली नाही, तरी जलवाहिनीचं शेवटचं टोक पुष्कळदा दलित वस्तीतच असतं. वरच्या आळीत नळाला थेट मोटार लावली की खाली फक्त हवा येते. वेळापत्रक लावणं, वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह ठेवणं, मोटार सापडली की ती जप्त करणं, हे उपाय साधे आहेत. समितीत वस्तीतली बाई असेल आणि बैठक तिची मजुरी बुडणार नाही अशा वेळी असेल, तर ते होतात. हंडाभर पाण्यासाठी किती खेपा लागतात, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

हस्तांतरण

काम पूर्ण झालं की योजना गावाच्या ताब्यात येते. तेव्हा समितीने पाण्याच्या तपासणीचा अहवाल, पंपाची कागदपत्रं आणि जलवाहिनीचा नकाशा मागून घ्यायचा असतो. नकाशा बहुतेक वेळा राहून जातो. कोणता पाइप कुठून गेला आणि रस्ता करताना कोणता व्हॉल्व्ह मुरुमाखाली दबला, हे पाणी सोडणाऱ्या एकट्या माणसाच्या डोक्यात असतं. तो काम सोडून गेला की गळती शोधायला सगळी आळी खणावी लागते. म्हणून काही समित्या त्याला सोबत घेऊन गाव फिरतात आणि प्रत्येक व्हॉल्व्हसमोरच्या भिंतीवर तैलरंगाने बाण आणि अंतर लिहून ठेवतात.